हातमोजा बांधलेली कडी

माझ्याकडे कौतुकाने बघू नका, मित्रांनो. कौतुक मला पुरे झालं. लंडनमधल्या टॅव्हर्नर रो या रस्त्यावर, दहा नंबरच्या घराच्या दारावर बसवलेली मी एक दार ठोठावायची पितळी कडी आहे. येणारी माणसं माझ्यावरून बोट फिरवतात, "काय सुरेख काम आहे!" म्हणतात आणि शेजारचं विजेच्या घंटेचं बटण दाबतात. मला आता कोणी वाजवत नाही. त्याचंही मला फारसं काही वाटत नाही. पण जवळजवळ दोनशे वर्षं एक राग माझ्या पोटात आहे आणि तो तुमच्यासमोर ओकल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

माझा जन्म बर्मिंगहॅमच्या एका ओतशाळेत झाला. "सध्या मासे खपतात, मासाच कर," असं मालकाने ओताऱ्याला सांगितलं म्हणून मी मासा झाले. माझी शेपटी वर बिजागरीत अडकवलेली आणि डोकं खाली. शेपटीला काही करावं लागत नाही. दारावर आपटायचं ते डोकं. माझं डोकं आपटून दुसऱ्यांनी आपला मोठेपणा जाहीर करायचा, हा माझा धंदा.

तुम्ही हसाल, पण आमच्या लंडनमध्ये कडी कशी वाजली यावरून माणसाची पायरी ठरायची. भाजीवाला, शिवणकाम घेऊन आलेली बाई, नोकरी मागायला आलेला माणूस, यांनी एकच ठोका द्यायचा. पोस्टमनचे दोन ठोके. सभ्य गृहस्थाचे चार-पाच, जरा तोऱ्यात. आणि एखाद्या सरदाराच्या बायकोची गाडी आली, की तिचा नोकर खाली उतरून असा काही धडाका लावायचा की समोरच्या घरातली मांजरं पलंगाखाली शिरायची. जितका गोंगाट मोठा तितका पाहुणा मोठा! गरिबाने दोन ठोके दिले तर त्याला उद्धट म्हणून हाकलायचे. एकच दिला तर त्याला ताटकळत ठेवायचे. मी दारावर होते, पण नियम माझे नव्हते.

या घरात भाडेकरू येत-जात. मला रोज सकाळी घासणारी हेस्टर मात्र कायमची होती. ती चाळिशीतली मोलकरीण, तोंडाने फटकळ. व्हिनेगर आणि राखेने ती मला अशी चोळायची की माझे खवले झिजत चालले होते. "आता चकाकतेस बघ, भवाने," असं म्हणून ती माझ्या डोक्यावर टपली मारायची. एवढीच काय ती माझ्या वाट्याची माया.

एका एप्रिलमध्ये गिल्बर्ट ट्रेस्कॉट नावाचे साहेब बायकोसह इथे राहायला आले. सेंट ऑर्सन नावाच्या, दूर समुद्रातल्या आमच्या एका बेटावर ते न्यायाधीश होते. ते बेट म्हणजे सगळे उसाचे मळे, आणि मळ्यांत राबणारे सगळे गुलाम. बारा वर्षांनी साहेब सहा महिन्यांच्या रजेवर राजधानीत आले होते. बेटाचं गव्हर्नरपद मिळेल अशी त्यांना आशा होती, आणि ते पद इथल्या मोठ्या लोकांच्या दिवाणखान्यांत ठरायचं.

पहिले तीन आठवडे माझ्या डोक्याला विसावा नव्हता. साहेबांनी येताना जहाजातून चार जिवंत कासवं आणली होती. कासवाच्या सुपासाठी लंडनच्या बड्या लोकांची जीभ किती लवलवते हे तुम्हाला ठाऊक नाही. गाड्यांवर गाड्या. धडाक्यावर धडाका. बायका पायरीवरच म्हणायच्या, "काय बाई धीराचा माणूस! बारा वर्षं त्या उन्हात काढली!" आर्बेलाबाई, म्हणजे साहेबांच्या पत्नी, जिन्यावर उभ्या राहून कान देऊन धडाके मोजायच्या. समोरच्या घरातली म्हातारी पडद्याआडून तेच मोजायची. मीही शेफारले होते, खोटं कशाला बोलू? मला वाटायचं, हे सगळं माझ्यामुळेच चाललंय.

मग एका जेवणावळीत साहेबांनी फिबीचं नाव काढलं.

फिबी ही लॅम्बोर्न नावाच्या मळेवाल्याकडची गुलाम बाई. गुऱ्हाळात रस उकळताना झोप लागली म्हणून लॅम्बोर्नने तिला लाकडी खोड्यात अडकवलं. भर उन्हात तीन दिवस, पाण्याचा थेंब न देता. तिसऱ्या दिवशी ती मेली. लॅम्बोर्नने तिला तापाने मेली म्हणून पुरून टाकलं आणि तो लंडनला येऊन जेवणावळी झोडू लागला. त्याच्यावर खटला व्हावा अशी साहेबांनी लेखी मागणी केली होती, आणि त्या रात्री पानावर बसल्या बसल्या त्यांनी ती सगळ्यांना सांगितली. अर्ध्या जणांचे पैसे त्याच उसात गुंतलेले होते.

दुसऱ्या दिवशी माझ्या वाट्याला सात धडाके आले. त्याच्या पुढच्या दिवशी तीन. आठवड्याने फक्त पोस्टमन.

मित्रांनो, या लोकांनी साहेबांना एक वाकडा शब्द ऐकवला नाही. भांडले असते तर मी त्यांना माणसं म्हटलं असतं. त्यांनी नुसतं येणं थांबवलं. गाडी दारावरून जायची, आतली बाई मान वळवून दुसरीकडे बघायची. परवापर्यंत साहेबांना धीराचा माणूस म्हणणारी एक जण माझ्यासमोरून चालत जाताना मैत्रिणीला म्हणाली, "कासवं मात्र चांगली होती हो त्याची. माणूस डोक्यावर पडलेला निघाला." दोघी हसल्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली असती, पण मला तळपाय नाहीत.

साहेबांनी हिंमत सोडली नव्हती. त्यांच्याकडे एक साक्षीदार होता. एबल क्वॉको हा जहाजावरचा सुतार. काळा, पण स्वतंत्र माणूस, कोणाचा गुलाम नव्हे. तो लॅम्बोर्नच्या मळ्यावर पिंपं दुरुस्त करायला गेला होता तेव्हा त्याने खोड्यातल्या फिबीला डोळ्यांनी पाहिलं होतं. तिला पाणी पाजायला गेला तर त्याला बंदूक रोखून हाकललं होतं. सरकारी चौकशी गुरुवारी ठरली. क्वॉकोचं जहाज बुधवारच्या सुमाराला टेम्स नदीत शिरणार होतं. साहेबांनी त्याला वाटेतल्या बंदरात पत्र पाठवलं होतं आणि त्यातली एक ओळ त्यांनी हेस्टरलाही वाचून दाखवली: "दहा नंबरचं घर, दारावर पितळी मासा. मागच्या दाराने येऊ नकोस. पुढच्या दाराने ये आणि कडी वाजव."

"हेस्टर," साहेब म्हणाले, "एक ठोका ऐकू आला की हातातलं टाकून धावायचं. तो पायरीवर क्षणभरही उभा राहता कामा नये."

"धावीन की, साहेब," हेस्टर म्हणाली. "नाहीतरी दुसरं कोण वाजवतंय?"

हे ऐकून दिवाणखान्याच्या दारात उभ्या असलेल्या आर्बेलाबाईंचा चेहरा कसा झाला ते मी पाहिलं नाही. मी बाहेर असते. पण शनिवारी सकाळी त्या स्वतः दार उघडून बाहेर आल्या. त्यांच्या हातात पांढऱ्या कातड्याचा एक हातमोजा होता. त्यांनी तो माझ्या डोक्यावर चढवला आणि रेशमी फितीने गळ्याशी घट्ट बांधला.

आमच्याकडे घरात कोणी फार आजारी असलं, की कडीवर हातमोजा बांधायची रीत होती. ठोक्याच्या आवाजाने रोग्याला त्रास होऊ नये म्हणून. तो पाहिला की लोक दबक्या पावलांनी येत, दारावर टकटक न करता खिडकीतून विचारपूस करत किंवा पायरीवरूनच मागे फिरत. चांगली रीत होती. माझ्यावर याआधीही दोनदा हातमोजा बांधला होता, आणि तेव्हा गप्प बसायला मला काही कमीपणा वाटला नव्हता. आत खरंच कोणीतरी झगडत होतं.

साहेब घाईघाईने बाहेर आले. "आर्बेला, हे काय? कोण आजारी आहे?"

"तुम्ही," बाई म्हणाल्या. "आजपासून."

"मला काय धाड भरलीय?"

"अहो, हळू बोला. समोरची म्हातारी बघतेय." बाई हसत हसत, दात न उघडता बोलत होत्या. "बारा दिवसांत दारात एक गाडी थांबली नाही. सगळा रस्ता मोजतोय. गुरुवारी ज्यांच्यापुढे उभं राहायचंय ना तुम्हाला, ते याच लोकांच्या घरी जेवतात. ज्याच्या दारात कुत्रं फिरकत नाही, त्याचं म्हणणं ते कशाला ऐकतील? आता निदान म्हणतील, बिचारा आजारी आहे, म्हणून कोणी जात नाही."

"पण क्वॉको यायचाय."

"बुधवारी ना? मंगळवारी रात्री सोडते. तोवर खिडक्या बंद ठेवा आणि मागच्या खोलीत बसा. डॉक्टरांना मी सांगितलंय, रोज येऊन जातील."

साहेबांनी हात पुढे केला. फीत त्यांच्या बोटांत आली होती. मला वाटलं, आता ओढतील. ज्या माणसाने अख्ख्या मेजवानीसमोर फिबीचं नाव घेतलं, तो एका फितीला घाबरेल का? पण समोरचा पडदा हलला आणि साहेबांचा हात खाली आला.

"बरं. मंगळवारपर्यंतच हं," असं म्हणून ते आत गेले.

त्या क्षणी मला त्यांचा जो राग आला तो लॅम्बोर्नच्या रागाहून कमी नव्हता. लॅम्बोर्न वाईटच होता, त्याच्याकडून मला काही अपेक्षा नव्हती. या माणसाकडून होती.

आणि त्या हातमोज्याला फसलं कोण? सांगते. रविवारी चर्चमधून परतताना दोन बायका पायरीपाशी थांबल्या. एकीने माझ्याकडे बघून ओठ मुडपले. "आजारी म्हणे! तब्येतीला काय झालंय? मानभंगाचा ताप चढलाय." दुसरी म्हणाली, "हातमोजा तरी बरा बघायचा. हा मागच्या वर्षीचा आहे." म्हणजे ज्यांच्यासाठी हे सोंग केलं, ते त्यांनी पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. का नाही ओळखणार? असली सोंगं ते सगळेच करत होते.

सोमवारी सकाळी वारा जोराचा होता. समुद्रावर तो आदल्या आठवड्यापासून तसाच असणार, कारण दहाच्या सुमाराला पायरीवर एक माणूस येऊन उभा राहिला. उंच, काळा, अंगात धुऊन इस्त्री केलेला निळा कोट, आणि हातावर जुन्या जखमांच्या रेघा. त्याने खिशातून एक कागद काढला, घराचा नंबर पाहिला, मग मला पाहिलं. एबल क्वॉको दोन दिवस आधी पोचला होता.

त्याने हात उचलला. आणि हातमोजा पाहून तो तसाच थांबला.

मित्रांनो, मी त्याला आतून शिव्या घालत होते. ठोक, मेल्या! ठोक! हातमोज्यावरून ठोक, लाथ मार दाराला, पण ठोक! हेस्टर जिन्याखालीच बसलीय. साहेब मागच्या खोलीत धडधाकट बसलेत, नुकतीच त्यांनी दोन अंडी खाल्लीत. पण कडीला स्वतःहून वाजता येत नाही.

शेजारच्या अकरा नंबरचा नोकर, फिप्स, पायरी झाडत होता. क्वॉकोने डोक्यावरची टोपी काढली. "दादा, या घरात कोण आजारी आहे?"

"खुद्द साहेब." फिप्सला ऐकणारा मिळाला की त्याच्या जिभेला हाड नसायचं. "तिसरा दिवस आहे. डॉक्टर रोज येतोय. खिडक्या बघ ना, सगळ्या बंद. आता काही खरं नाही म्हणतात."

"अरेरे." क्वॉको खरोखर कळवळला. "मला त्यांनीच बोलावलं होतं. माझं जहाज आज दुपारच्या भरतीला पुढे क्वेबेकला निघतंय. कप्तान म्हणाला, साहेबांची चार ओळींची चिठ्ठी आण, मग तुला इथे ठेवून जातो. नाहीतर पळून गेलास म्हणून तुझी तक्रार करीन."

"मग वाजव ना."

क्वॉकोने माझ्याकडे पाहिलं. त्याने दोन बोटं हातमोज्यावर ठेवली, अगदी अलगद, तापलेल्या कपाळावर ठेवावीत तशी. "नको," तो म्हणाला. "मी सुतार आहे, दादा. जहाजावर कोणी शेवटच्या घटका मोजत असला, की मी हातोडी उचलत नाही. गळती लागली तरी खिळे हाताने दाबतो. डोक्यात घण बसल्यासारखं होतं हो त्या माणसाला. यांनी आमच्यातल्या बाईसाठी एवढं केलं, आणि मी त्यांना मरताना सुखाने पडू देऊ नको?"

"मागच्या दाराने जाऊन निरोप तरी ठेव."

"त्यांनी मागच्या दाराने यायचं नाही असं लिहिलंय." त्याने कागदाची नीट घडी केली. "ते गेले तर चौकशी तरी कोण लावून धरणार? चल, निघतो."

तो पायऱ्या उतरला तोही चवड्यांवर, बुटांचा आवाज होऊ न देता. फरसबंदीवर पोचल्यावरच त्याने टोपी घातली.

अख्ख्या लंडनमध्ये त्या हातमोज्यावर विश्वास ठेवणारा एकच माणूस निघाला, आणि तो नेमका हाच.

फिप्सने ही गंमत म्हणून हेस्टरला सांगितली तेव्हा संध्याकाळचे पाच वाजून गेले होते. हेस्टरने दार उघडून माझ्यावरचा हातमोजा असा हिसकला की फितीसकट तो निघाला आणि माझ्या खवल्यांवर ओरखडाही उठला. "बाईसाहेब!" ती जिन्यावरून ओरडली. "घ्या तुमचा हातमोजा! तो येऊन गेला!" साहेब टोपीशिवाय रस्त्यावर धावले. गाडी करून गोदीवर गेले. भरती दुपारीच होऊन गेली होती.

गुरुवारी काय झालं ते मला पायरीवरच्या बोलण्यातून समजलं. साक्षीदार कुठे आहे, असं विचारल्यावर साहेब म्हणाले, "तो माझ्या दारापर्यंत आला होता." मग परत का गेला? मी आजारी असल्याचं नाटक करत होतो, हे साहेब सांगणार कसे? तिथे बसलेल्यांपैकी एकाने विचारलं म्हणे, "आता प्रकृती कशी आहे?" आणि सगळे हसले. लॅम्बोर्न सुटला. सुटला कसला, त्याला कोणी धरलंच नव्हतं. पुढच्याच आठवड्यात त्याची गाडी समोरच्या म्हातारीकडे थांबली आणि त्याच्या नोकराने तिच्या कडीवर जो धडाका लावला, तो ऐकून माझं पितळ आतून कडू झालं.

गव्हर्नरपद दुसऱ्याला मिळालं. साहेब रजा संपायची वाट बघत घरात बसून राहिले. आता खरंच कोणी येत नव्हतं, आणि आता कोणी हातमोजाही बांधत नव्हतं.

सप्टेंबरात एकदा पोस्टमनचे दोन ठोके पडले. साहेब स्वतः दाराशी आले आणि त्यांनी पायरीवरच पत्र फोडलं. ते जहाजावरच्या कोणाकडून तरी लिहून घेतलेलं होतं. साहेब ते पुटपुटत वाचत होते, म्हणून मला ऐकू आलं.

"साहेबांच्या घरच्या माणसांस. साहेब हयात असतील तर त्यांना सलाम सांगा. नसतील तर परमेश्वर त्यांना शांती देवो. मी सोमवारी आलो होतो. कडी वाजवली नाही, साहेबांना त्रास झाला असता. मी रोज त्यांच्यासाठी प्रार्थना करतो. फिबी खोड्यातून माझ्याकडे काय बघत होती ते कोणाला तरी सांगायचं होतं, ते राहिलं. ते बरे झाले असतील तर कळवा, मी पुन्हा येईन. एबल क्वॉको."

आर्बेलाबाई दाराशी आल्या. "कोणाचं पत्र?"

"ज्याला मी खरोखर आजारी वाटलो, त्याचं," साहेब म्हणाले. ते खाली पायरीवर बसले. समोरचा पडदा हलला, पण त्यांनी तिकडे पाहिलं नाही. बाईंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला तो त्यांनी झटकला नाही, आणि धरलाही नाही.

त्यांनी उत्तर लिहिलं. ते जहाज क्वेबेकहून परतताना बुडाल्याचं वर्तमान त्याआधीच येऊन पोचलं होतं, हे त्यांना चार दिवसांनी कळलं.

मित्रांनो, माझ्या जातीच्या वस्तू शेवटी विनवणी करतात, की आम्हाला घासूनपुसून ठेवा, अडगळीत टाकू नका. माझं तसं काही मागणं नाही. माझ्यावर हिरवा गंज चढला तरी चालेल. मागणं आहे ते तुमच्याकडून. कधी ना कधी घरातलं मोठं माणूस तुम्हाला दाराशी पाठवेल आणि म्हणेल, "घरी नाहीत म्हणून सांग," किंवा "झोपलेत म्हणून सांग." तेव्हा जाऊ नका. रागावले तर रागावू देत. ज्याला टाळायचं असतं, त्याला ते खोटं दारातच कळतं आणि तो हसत निघून जातो. ते खरं मानतो तो दुसराच कोणीतरी, ज्याला तुमची खरोखर काळजी असते. तो आवाज न करता पायऱ्या उतरतो, आणि तो येऊन गेला हेसुद्धा तुम्हाला कळत नाही.